पावसातली लांब डोंगरी सायकल राईड : तयारीच्या नोंदी

२ जून

मार्ग नक्की झाला. साधारण ८५ किमी, त्यात दोन हजार मीटरच्या आसपास चढ. बहुतेक वाट मुरमाची आणि दगडगोट्यांची, मधे दोन ओढे, शेवटी झाडीतला लांबलचक उतार. चिकण मातीचा एक पट्टा आधी मार्गात होता, तो काढून टाकला. असली माती चाकाला लगद्यासारखी चिकटते, फ्रेममध्ये बसते आणि चाक फिरेनासं होतं. शिवाय ओल्या वाटेवर पडलेल्या चाकोऱ्या वाळल्यावर तशाच घट्ट होतात आणि पुढच्यांची वाट खराब होते.

सायकल : हार्डटेल (फक्त पुढे सस्पेन्शन असलेली), २९ इंची चाकं, पुढे १२० मिमी दबणारा सस्पेन्शनचा फोर्क, मागे १२ गिअरची कॅसेट (दातेरी चकत्यांचा संच), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, ट्यूबलेस टायर. कोरड्यात एवढ्या अंतराला आठ तास पुरतात. पावसासाठी तूर्त अकरा धरलेत, पुढे खरा आकडा कळेल.

तयारीचा नियम एकच ठेवलाय. जे सोबत येणार ते आधी भिजवायचं, चिखलात घालायचं आणि ओल्या हातांनी वापरून बघायचं. कोरड्या खोलीत सगळंच चालतं.

५ जून : ब्रेक

सुरुवात ब्रेकपासून, कारण पावसात सगळ्यात आधी तेच संपतात. डिस्कला दोन्हीकडून दाबणारे पॅड काढून मोजले : घर्षणाचा थर पुढे १.५ मिमी, मागे १.२. पॅड रेझिनचे, म्हणजे ज्यांना ऑरगॅनिक म्हणतात ते. कोरड्यात एवढ्यावर पुष्कळ दिवस निघतात. तसेच ठेवून जवळच्या टेकडीवर भर पावसात २५ किमीची फेरी मारली. परत येऊन मोजलं तर मागचा थर ०.५ वर आलेला. पॅड बदलण्याची मर्यादाच साधारण तेवढी असते. म्हणजे एका फेरीत उरलेल्या पॅडचा निम्म्याहून जास्त भाग उडाला.

कारण सरळ आहे. पाणी वाळूचे बारीक कण पॅड आणि डिस्कच्या मधे नेऊन सोडतं आणि पॉलिश पेपर घासल्यासारखं काम सुरू होतं. रेझिन मऊ, ते लवकर झिजतं. भरीला ओल्या उतारावर आपण ब्रेक सोडतच नाही, हलका धरून ठेवतो.

यातला फसवा भाग असा की हायड्रॉलिक ब्रेकमध्ये पॅड झिजले तरी त्यांना ढकलणारे पिस्टन आपोआप पुढे सरकतात. लिव्हर हाताला जवळपास तशीच लागते. खर्रर्र आवाज येतो तेव्हा पॅडच्या मागचा पत्रा डिस्कला लागलेला असतो. त्यामुळे हाताच्या अंदाजावर न जाता टॉर्च घेऊन कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड बसतात त्या भागात, डोकावायचं.

धातूचे, म्हणजे सिंटर्ड पॅड घ्यायचे ठरवले. ओल्यात ते खूप जास्त टिकतात. आवाज करतात आणि थंड असताना पहिल्या क्षणी थोडे कमी धरतात, ते चालेल.

६ जून

सिंटर्ड पॅड आणले आणि काम अडलं. पुढच्या डिस्कवर बारीक अक्षरांत कोरलेलं आहे की हिच्यावर फक्त रेझिन पॅड वापरा. असल्या डिस्कचा पोलाद मऊ असतो, धातूचे पॅड तिला खाऊन टाकतात. पॅड घेण्याआधी डिस्क वाचा. अर्धा दिवस गेला आणि पुढची डिस्क नवी घालावी लागली. मागची मायक्रोमीटरने १.७ मिमी भरली. नवी १.८ असते आणि १.५ ला बाद करायची, त्यामुळे ती राहू दिली.

पिस्टन मागे ढकलण्याआधी त्यांच्या कडा साफ केल्या. कडेवर वाळू असताना ढकललं तर ती सीलमध्ये जाते आणि मग तेल झिरपतं. कानकोरण्याच्या कापसाला त्या ब्रेकचंच तेल लावून पुसलं, प्लास्टिकच्या टायर लिव्हरने हळूच ढकललं. तेल कुठलं ते बघून घ्या : शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, स्रॅमच्या बऱ्याच ब्रेकमध्ये डॉट फ्लुइड. एकाच्या जागी दुसरं गेलं की सील फुगतात आणि ब्रेक कामातून जातो.

नवे पॅड बसवून कोरड्या रस्त्यावर मुरवून घेतले : बऱ्यापैकी वेग घ्यायचा, चाक लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत आणायचा, सोडायचा, पुन्हा. वीसेक वेळा पुढचा, वीसेक वेळा मागचा. हे पावसात करून उपयोग नाही. डिस्कवर पॅडचा थर बसायच्या आत वाळू त्याला धुऊन नेते.

८ जून

जोडीदाराबरोबर ओल्यात चाचणी.

“अरे, मागचा ब्रेक केवढा बोंबलतोय तुझा!”

“बोंबलू दे. लागतोय ना?”

“लागतोय. पण पुढे कोणी असलं तर घंटी वाजवायची गरज नाही.”

ओल्यात सिंटर्ड ओरडणारच, त्यावर उपाय शोधत बसलो नाही. पावसाचं पाणी कमी झालं की तो आपोआप थांबतो. आवाज जावा म्हणून ब्रेकवर कसलाही स्प्रे मारू नये, पॅड तेल पितात आणि मग फेकून द्यावे लागतात.

परतल्यावर चिखलाने माखलेल्या हातांनी पॅड बदलून पाहिले. पॅड धरून ठेवणाऱ्या पिनच्या टोकाला नखाएवढी क्लिप असते. ती ओल्या बोटांतून उडाली आणि गवतात गेली. शोधायला वीस मिनिटं, तीही अंगणात. डोंगरात ती सापडलीच नसती. आता सुटी क्लिप आणि सुटी पिन, दोन्ही जास्तीच्या पॅडच्या डबीतच चिकटपट्टीने लावून ठेवलीत. क्लिप काढताना खाली फडकं पसरायचं, हेही ठरलं.

११ जून : चेन

नेहमी मेणाचं, म्हणजे कोरड्या हवामानाचं लुब्रिकंट वापरतो. चेन स्वच्छ राहते म्हणून आवडतं. पावसात ते तासाभरात धुऊन गेलं आणि चेन चिमणीसारखी चिवचिवायला लागली. पावसाचं दाट तेल घेतलं. ते धुतलं जात नाही, पण धूळमाती धरून ठेवतं, म्हणून लावण्याची पद्धत महत्त्वाची : चेन आधी पूर्ण साफ आणि कोरडी. मग आतल्या बाजूने प्रत्येक रोलरवर एक थेंब. पेडल उलटं फिरवत राहायचं, थोडा वेळ मुरू द्यायचं आणि बाहेरचं सगळं तेल पुसून काढायचं. तेल रोलरच्या आत हवं, बाहेरच्या पट्ट्यांवर नको. बाहेरून काळी कुळकुळीत दिसणारी चेन म्हणजे वाळूला आमंत्रण.

गेजने चेन मोजली तर झीज, म्हणजे चेनची वाढलेली लांबी, ०.५ टक्क्यांवर. ११ आणि १२ गिअरच्या चेन याच आकड्याला बदलतात, कमी गिअरच्या ०.७५ पर्यंत चालवतात. गेज नसेल तर इंचांची पट्टी लावा. नव्या चेनमध्ये एका पिनच्या मध्यापासून मोजलं की बरोबर १२ इंचांवर दुसऱ्या पिनचा मध्य येतो. तो एक षोडशांश इंच पुढे गेला की ०.५ टक्के झीज झाली. जुन्या चेनच्या कड्या मोजून नवी तेवढीच कापली. कॅसेट वाचली.

जास्तीची क्विक लिंक (चेन जोडायची सुटी कडी) सोबत, आपल्या चेनच्या गिअरसंख्येचीच. १२ गिअरच्या लिंक बहुतेक उत्पादक एकदाच वापरायला सांगतात, म्हणून नवी कोरी बाजूला ठेवली. अर्ध्या वाटेवर पुन्हा तेल घालायचं आहे. आधी बाटलीतलं पाणी ओतून वाळू धुवायची, पुसायचं, मगच तेल. वाळूवरच तेल घातलं तर ती रोलरमध्ये आणखी खोल जाते.

१४ जून : टायर

उंच काट्यांचे चिखलाचे टायर घ्यावेत का यावर बराच खल झाला. घेतले नाहीत. खोल चिखलात ते छान रुततात, पण ओल्या खडकावर तेच उंच काटे वाकतात आणि सायकल तरंगल्यासारखी वाटते. आमच्या मार्गावर दगड जास्त. ओल्या दगडावर आणि मुळांवर काट्यांच्या उंचीपेक्षा रबराचा मऊपणा उपयोगी पडतो. पुढे २.४ इंची, मऊ रबराचा, विरळ काट्यांचा. मागे २.२५, जरा अरुंद, म्हणजे चेनस्टेपाशी (मागच्या चाकालगतच्या फ्रेमच्या नळ्या) चिखल निसटायला जागा मिळते. मोजली तर दोन्ही बाजूंना सात मिमी आहे. याहून कमी चालणार नाही.

हवा : माझं वजन ७२ किलो, कोरड्यात पुढे २२ आणि मागे २४ पीएसआय. दोन्हीकडे दोन-दोन कमी करून पाहिली. पुढे मस्त पकड आली. मागे पहिल्याच पायरीसारख्या दगडावर रिम टणकन आपटली. शेवटी पुढे २०, मागे २३. हे आकडे माझे, तुमचे तुम्हाला शोधावे लागतील, पण एक-एक पीएसआयने जा आणि दरवेळी तोच गेज वापरा. दोन गेजमध्ये दोनतीन पीएसआयचा फरक सहज निघतो.

मागचा टायर उघडला तर सीलंट (बारीक भोकं आतून बुजवणारं द्रव) सुकून साय धरलेली. लॅटेक्सचं सीलंट दोन ते सहा महिन्यांत सुकतं, उन्हाळ्यात लवकर. साय सोलून काढली, दोन्हीकडे १००-१०० मिली नवीन घातलं.

मग पंक्चरची रंगीत तालीम, पावसात. तीन गोष्टी कळल्या. एक, पॅचचं सोल्युशन ओल्या ट्यूबला लागतच नाही. पाऊस चालू असताना ट्यूब पूर्ण कोरडी करणं जवळपास अशक्य. म्हणून दोन ट्यूब सोबत, पॅच निव्वळ शेवटचा उपाय म्हणून. दोन, प्लग (टायरच्या भोकात बाहेरून कोंबायची चिकट वात) मात्र ओल्यात बसतो, भोक कोरडं असायची गरज नाही. तीन, ट्यूब घालायची तर आधी ट्यूबलेसचा व्हॉल्व्ह काढावा लागतो आणि त्याची नट इतकी जाम झालेली की पक्कड लागली. पक्कड कोण बरोबर नेणार! आटे साफ करून नट आता फक्त बोटांनी घट्ट केलीय. राईडला निघण्याआधी प्रत्येकाने ही नट एकदा हाताने उघडून बघावी.

१७ जून : पाणी कुठे साठतं

सीटपोस्ट काढून सायकल उलटी धरली तर पेलाभर तांबूस पाणी बाहेर आलं. मागचं चाक जे पाणी उडवतं ते सीट क्लॅम्पच्या फटीतून आत जातं आणि खाली बॉटम ब्रॅकेटवर, म्हणजे पेडलच्या आसापाशी, साचतं. तिथे खाली निचऱ्याचं बारीक भोक असतं, माझं मातीने बुजलेलं. जुन्या स्पोकने मोकळं केलं. सीटट्यूबची फट मागच्या बाजूला होती, क्लॅम्पची स्वतःची खाच पुढे वळवून घेतली आणि फटीवर ग्रीस भरलं. पाणी अडवण्यात फार जीव आटवू नये, ते शिरणारच. शिरलेलं बाहेर पडायला वाट हवी.

हेडसेट (हँडल फिरतं तिथली बेअरिंग) उघडून पुसला, ग्रीस दाबून भरलं. बेअरिंगवर रबराची टोपी असली म्हणजे ती पाणबंद झाली असं नाही. प्रेशर वॉशरची धार तर ती टोपी सहज ओलांडते. मागच्या गिअरची वायर गंजून काळी पडलेली, आतली-बाहेरची दोन्ही बदलली. फोर्कचे खालचे पाय खोलून तेल बदललं, सील पुसले. ते काम साधारण ५० तासांच्या वापरानंतर करायचंच असतं.

मडगार्ड : पुढे लांब मडगार्ड लावून पाहिला. पानं आणि बारीक खडे मधे अडकून चाकाची गती मंदावली, उतरून काडीने काढत बसावं लागलं. काढून टाकला. फोर्कच्या कमानीला झिप टायने बांधायचा आखूड प्लास्टिकचा पुरे. त्याचं काम एकच, डोळ्यांत चिखल जाऊ न देणं.

२० जून : अंगावर काय

रेनकोटवर पाणी अडवण्याच्या क्षमतेचा १०,००० मिमीचा आकडा आहे आणि शिवणींवर आतून पट्टी आहे. तरी चढावर आतून चिंब झालो. पाणी बाहेरून आलेलं नव्हतं. बाहेरच्या कापडाचा पाणी झटकणारा थर मळला की कापड पाणी पितं, त्याला जणू ओलं फडकं गुंडाळतं, मग घामाची वाफ बाहेर पडत नाही. कोट साध्या साबणाने धुतला, सॉफ्टनर टाळलं, लेबल बघून मंद आचेवर ड्रायरमध्ये फिरवला. पाण्याचे मणी पुन्हा ओघळायला लागले. चढावर कोटाच्या काखेतल्या झिप उघड्या ठेवायच्या आणि वेग थोडा कमी. कोरडं राहणं हे उद्दिष्टच सोडून दिलं. ओलं पण गरम राहिलं तरी बास. सुती कपडा त्यासाठीच बाद, तो भिजला की थंडगार होऊन अंगाला चिकटतो.

वॉटरप्रूफ मोज्यांनी निराशा केली. ओढ्यात पाणी वरून आत शिरलं आणि मग मोजे पाणी धरून बसले, पाय दोन छोट्या बादल्यांत. पातळ लोकरीचे मोजे आणि निचरा होणारे बूट जास्त बरे.

जाड वॉटरप्रूफ हातमोजे घातल्यावर ब्रेकची लिव्हर किती दाबली तेच कळेना. पातळ दोन जोड्या नेणार, दुसरी कोरडी, थांब्यानंतर बदलायला. चष्मा साधा पारदर्शक काचेचा, काळी काच झाडीत आंधळं करते. जांघेत आणि सीट लागते तिथे व्हॅसलिनचा जाड थर, अर्ध्यावर पुन्हा. ओल्या शॉर्ट्समध्ये सोललेली कातडी हे राईड अर्धवट सोडण्याचं अगदी खरं कारण असतं, लोक सांगत नाहीत एवढंच.

एक गरम कपडा ड्राय बॅगेत, फक्त थांबण्यासाठी. पेडल मारताना थंडी कळत नाही. पंक्चर काढायला पंधरा मिनिटं उभं राहिलं आणि वारा असला की हात थरथरतात, आणि थरथरत्या हातांनी व्हॉल्व्ह सापडत नाही. म्हणून क्रम असा : आधी कपडा अंगावर, मग चाक.

२२ जून : बॅग

ड्राय बॅगा शॉवरखाली ठेवल्या. तोंड तीन वेळा गुंडाळलेल्या कोरड्या राहिल्या, एकदाच गुंडाळलेली आतून ओली. जुन्या एकीच्या शिवणीतून झिरपलं, ती बाद. फोनची टचस्क्रीन ओल्या बोटांना दाद देत नाही, पावसाचे थेंबच स्वतः बटणं दाबतात. नकाशा कागदावर छापून पारदर्शक पिशवीत घेतला. पुढचा दिवा आयपीएक्स४, म्हणजे शिंतोडे सहन करणारा. तो हँडलला चालेल, मागचा थेट चाकाच्या फवाऱ्यात असतो म्हणून तिथे आयपीएक्स७, म्हणजे थोडा वेळ पाण्यात बुडाला तरी चालणारा. चार्जिंगच्या भोकाचं रबरी बूच दोन्हीकडे दाबून घेतलं.

खाण्याच्या पाकिटांचा एक कोपरा आधीच कापून ठेवायचा. ओल्या हातमोज्यांनी ती फाटत नाहीत, दाताने फाडताना चिखल तोंडात जातो. बाटलीच्या तोंडावरही तोच चिखल, त्यामुळे पाणी पाठीवरच्या पिशवीत.

२४ जून : अर्धी राईड, पूर्ण सामानासह

४२ किमी, पाच तास चाळीस मिनिटं. तासाला साडेसात किमीहूनही कमी. यात दोनदा चेन धुणं, एक प्लग आणि ओढ्यापाशी गेलेली वीस मिनिटं आली. दुप्पट केलं तर साडेअकरा, दुसऱ्या अर्ध्यात थकवा धरून बारा. म्हणजे २ तारखेचा अकराचा अंदाज कागदावरचाच. निघायची वेळ पहाटे साडेपाच, आणि पुढचा दिवा चार्ज करूनच.

४० किमीपाशी डांबरी रस्त्याला जायची एक वाट फुटते. साडेअकरापर्यंत तिथे पोचलो नाही तर तिनेच उतरायचं, चर्चा नाही. ओढ्याचं वाहतं पाणी गुडघ्याला लागलं तर ओलांडायचं नाही. गढूळ असेल आणि तळ दिसत नसेल तर गुडघ्याखालीही नाही. उघड्या धारेवर असताना गडगडाट ऐकू आला तर खाली यायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जायचं नाही. जोडीदाराशी हे आत्ताच बोलून घेतलं. भिजलेली, दमलेली दोन माणसं ओढ्याकाठी वाद घालायला लागली की जास्त हट्टी माणूस जिंकतो.

२७ जून

उद्या निघायचं. हवा २०/२३. चेनला रात्रीच तेल, म्हणजे सकाळपर्यंत मुरेल. सगळे बोल्ट एकदा पान्याने. मागचे पॅड १.७ मिमी, पुढचे १.८.

२९ जून

काल पूर्ण झाली, बारा तास दहा मिनिटं. फाट्यावर पावणेअकराला होतो. दुसरा ओढा चढलेला मिळाला, वरच्या अंगाला अर्धा किमी जाऊन रुंद, उथळ जागेतून सायकल खांद्यावर घेऊन पार केला.

आज धुतली, साध्या पाइपने, धार न मारता. मोजमाप : मागचे पॅड १.१, पुढचे १.४. रेझिन असते तर शेवटचा उतार पत्र्यावर उतरलो असतो. चेनची झीज गेजवर अजून दिसत नाही. निचऱ्याच्या भोकातून पाणी गळून गेलेलं, सीटट्यूब आतून जवळपास कोरडी. जोडीदाराने रेझिन पॅडच ठेवले होते, त्याला ५५ किमीवर मागची जोडी बदलावी लागली. क्लिप माझ्या डबीतली गेली.

मागच्या हबचा आस बोटाने फिरवला तर उजवीकडे खरखर लागते. वाळू आत गेलीय. ती बेअरिंग उद्या बदलायची, त्यासाठी कॅसेट काढावी लागेल.